टावीआधीचा सीटी: रिपोर्ट मिळाला, पण उपयोग शून्य

बाबांचा सीटी स्कॅन टेबलावर चढण्या-उतरण्यासकट अर्ध्या तासात आटोपला. त्याचा डेटा हातात पडेपर्यंत मात्र चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

बाबा 79 वर्षांचे. महाधमनीची झडप कॅल्शियम साचून कडक झालेली, चार पायऱ्या चढल्या की धाप. छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून नवी झडप बसवायची, म्हणजे टावी करायची, असं ठरलं. त्याआधी हा सीटी लागतोच. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेच्या तळाचा एक व्यास मिळतो, पण तो तळ बहुतेकांचा गोल नसतो, अंडाकृती असतो. त्याचा घेर आणि क्षेत्रफळ सीटीवर मोजून झडपेचा साइज ठरतो. लहान बसली तर कडेने रक्त गळतं, मोठी बसवायला गेलं तर तळ फाटायची भीती. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं किती उंचावर आहेत, जांघेपासूनची वाट नळी जाण्याइतकी रुंद आहे का, हेही त्याच स्कॅनमध्ये बघतात.

स्कॅनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. डाय, म्हणजे रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, सोडल्यावर अंगभर गरम वाटतं, कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं, ते आधी सांगून ठेवा. श्वास रोखायला सांगतात. बाबा जन्मभर भजनात आलाप घेणारे, त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

खरा घोळ पुढे. आम्हाला मोठ्या पिशवीत फिल्म, छापील रिपोर्ट आणि एक सीडी मिळाली. गोव्यात डिचोलीला घरी आलो, सीडी टावीच्या टीमकडे पाठवली. तिथल्या कोऑर्डिनेटरचा फोन, ‘‘मॅडम, ही चालणार नाही.’’ सीडीवर 3 मिमी जाडीचे स्लाइस, म्हणजे चित्राचे काप, होते आणि तेही हृदयाच्या ठोक्यातल्या एकाच क्षणाचे, ठोक्याचा 75 टक्के वेळ उलटल्यावरचे. म्हणजे हृदय सैल असतानाचे. हृदयाच्या धमन्यांतले ब्लॉक बघायला ती वेळ बरी. झडपेचा तळ मोजतात तो हृदय आकुंचन पावताना, कारण सहसा तेव्हा तो सगळ्यात मोठा असतो. त्यांना 1 मिमीपेक्षा पातळ स्लाइस हवे होते, ठोक्याच्या सगळ्या टप्प्यांचे.

मी स्कॅन सेंटरच्या काउंटरवर. तिथली बाई मान वर न करता म्हणाली, ‘‘रिपोर्ट मेळ्ळो न्हय, आनीक कितें जाय?’’ (रिपोर्ट मिळाला ना, अजून काय हवं?) रिपोर्ट नको, डेटा हवाय, हे वाक्य मी त्या खिडकीसमोर इतक्यांदा म्हटलं की मागच्या रांगेतल्यांना पाठ झालं असावं. कधी डॉक्टर नाहीत, कधी टेक्निशियन जेवायला गेलेत, दुपारी खिडकीच बंद. शेवटी, ‘‘चवथ झाल्यावर या.’’

इथे माझा संयम संपला. कारण कोऑर्डिनेटरने बजावलं होतं की स्कॅनचा मूळ कच्चा डेटा फार जागा खातो, मशीनवर तो थोडेच दिवस राहतो, मग आपोआप पुसला जातो. तो गेला की पातळ स्लाइस नव्याने काढता येत नाहीत. म्हणजे पुन्हा स्कॅन, पुन्हा डाय, आणि बाबांचं क्रिएटिनिन (किडन्यांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच वाढलेलं, 1.4. काउंटरच्या चवथीसाठी त्यांच्या किडन्या का पणाला लावायच्या?

मी आतल्या दाराशी उभी राहिले. टेक्निशियन मुलगा चहाला बाहेर आला तेव्हा कोऑर्डिनेटरची चिठ्ठी त्याच्या हातात दिली: ईसीजीशी जोडलेला स्कॅन, सगळे टप्पे, पातळ स्लाइस, डायकॉम (स्कॅनच्या डिजिटल फाइल्सच्या) स्वरूपात. त्याने वाचली, म्हणाला, ‘‘अरे, हे टावीचं होतं? मला कोणी सांगितलंच नाही.’’ डेटा अजून मशीनवर होता. चहा तसाच ठेवून तो आत गेला आणि काम करून दिलं. देव त्याचं भलं करो. सगळं 700 एमबीच्या सीडीत मावेना, पेन ड्राइव्ह व्हायरसच्या भीतीने घेईनात, म्हणून डीव्हीडी.

तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच ‘टावीसाठी’ हा शब्द फॉर्मवर लिहून घ्या आणि टीमची चिठ्ठी आधीच टेक्निशियनला दाखवा, काउंटरला नाही. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर थांबवायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. आमच्या बाबांची थांबवली होती. अजून एक आठवलं: धमन्यांच्या सीटीआधी बऱ्याचदा जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे मारतात. झडप इतकी अरुंद असताना त्याने बीपी एकदम खाली येऊ शकतं, म्हणून झडपेचं आधीच सांगा. ठोके कमी करायची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घेर 70 मिमी भरला, 26 नंबरची झडप ठरली. आणि हो, डीव्हीडीच्या दोन प्रती मागा. टीमकडे गेलेली परत येत नाही.