लिलाव बंद होता त्या दिवसांचा भाव

आमच्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'निर्यातबंदीचा धक्का बाजाराने हळूहळू पचवला.' ते माझंच, आलेख समोर ठेवून लिहिलेलं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांमधली कांद्याच्या भावाची रेघ खाली येत होती, पण कडा कोसळावा तशी नाही, घाटरस्ता उतरावा तशी. मला ते पटलंही होतं. व्यापारी माल दुसरीकडे वळवतात, बाजार स्वतःला सावरून घेतो, असं स्पष्टीकरणही मी पुढच्या परिच्छेदात देऊन टाकलं होतं.

मी पुण्यात अर्थमितीचं, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक परिणाम मोजण्याचं, काम करते. आमच्यापुढचा प्रश्न ऐकायला सोपा होता: निर्यातबंदीने शेतकऱ्याचा भाव किती पडला? आधीच्या भावातून नंतरचा भाव वजा केला की झालं, असं कुणालाही वाटेल आणि तिथंच फसायला होतं. सरकार बंदी घालतं तेच मुळी भाव चढलेला असताना. त्यात डिसेंबरात खरिपाचा लाल कांदा जोरात येतो आणि बंदी असो-नसो, एरवीही भाव उतरतो. म्हणून बंदी नसलेला, कधी न घडलेला डिसेंबर आकड्यांतून उभा करावा लागतो. त्यासाठी आम्ही जिथून कांदा परदेशी फारसा जात नाही अशा बाजारांशी तुलना केली होती. त्यातही खोट आहेच. बांगलादेश, मलेशिया, दुबईकडे जाणारा कांदा थांबला की तो त्याच देशी बाजारांत येऊन पडतो आणि तिथलाही भाव पाडतो. ज्याच्याशी तुलना करायची तोच बुडालेला, मग फरक आहे त्याहून लहान दिसतो. हे मला ठाऊक होतं, मसुद्यात तशी तळटीपही होती. जे ठाऊक नव्हतं ते कळायला जानेवारी 2025 मध्ये निफाड तालुक्यातल्या एका बाजार आवारात जावं लागलं.

खरं तर मी गेले होते ती गारपिटीसाठी. 26 नोव्हेंबर 2023 ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या, उभ्या पिकांचं मोठं नुकसान झालं. अर्थमितीच्या माणसाला असं काही दिसलं की हाताला साधन लागल्यासारखं वाटतं. भाव आणि माल एकमेकांना ढकलत असतात, कुणी कुणाला ढकललं ते नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ फिलिप राईट यांनी 1928 साली तेलांवरच्या आयातकराविषयीच्या पुस्तकाच्या एका परिशिष्टात यावर तोड मांडली: मालाचा पुरवठा हलवणारी, पण गिऱ्हाइकाच्या मागणीला न शिवणारी एखादी गोष्ट शोधा, म्हणजे मागणीची रेघ आपोआप उघडी पडते. त्यांनी ते जवसावर करून दाखवलं. मला वाटलं, माझ्याकडे गारा आहेत.

सकाळी नऊला पोचले. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, मधेमधे पिकअप. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत होता. कुणी हात घालून खालचा कांदा वर काढायचा, कुणी दाबून बघायचा. पुकारा व्हायचा, बोली चढायची आणि मिनिटाच्या आत चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. मी ज्या रकान्याला वर्षभर 'सर्वसाधारण भाव' म्हणत आले, तो इथं असा तयार होत होता. मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

मग बाजार समितीतल्या एका जुन्या लिपिकांना मी माझ्या डिसेंबर 2023 च्या आकड्यांचा कागद दाखवला. मला फक्त आवक ताडून घ्यायची होती. त्यांनी चष्मा लावला, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि थांबले.

"ताई, आठ तारखेचा भाव कुठून आणला तुम्ही?"

"अॅगमार्कनेटवरून."

"असणारच नाही तिथं. त्या दिवशी लिलावच नव्हता. नऊला नाही, पुढेही नाही. बघा, आमच्या वहीत कोरंच आहे."

वही कोरी होती. कागदावर मात्र आकडा होता, दोन दशांश स्थळांपर्यंत. तो कुठून आला हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. अॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर बाजारांचा दररोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतो. बाजार बंद त्या दिवशी नोंद नसते. अशा रिकाम्या जागांमुळे पुढचं गणित अडतं, म्हणून मी सुरुवातीलाच एक ओळ लिहून ठेवली होती: अलीकडचा भाव आणि पलीकडचा भाव यांच्यामध्ये सरळ रेघ ओढ आणि मधली घरं भर. रविवारसाठी ते चालतं. दिवाळीसाठी चालतं. रविवारी बाजार बंद असतो तो कांद्याच्या भावामुळे नव्हे.

पण 2023 च्या त्या सहामाहीतली रिकामी घरं रविवारची नव्हती. 19 ऑगस्टला 40 टक्के निर्यातशुल्क लागलं आणि लिलाव थांबले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, तो ऑक्टोबर लागेपर्यंत चालला. 8 डिसेंबरला निर्यातबंदीची बातमी आली, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. भाव कोसळायची वेळ येई, नेमका तेव्हाच बाजार मिटून जाई. ज्या कारणाचा परिणाम मी मोजायला बसले होते, त्याच कारणाने ती घरं रिकामी झाली होती. आणि मी ती भरून काढली होती. बाजाराने धक्का हळूहळू पचवलाच नव्हता. तो घाटरस्ता मी बांधला होता.

मी लिपिकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या, दुरुस्त करता येईल." मग त्यांनी शेजारच्या ट्रॉलीकडे हाक मारली. "नाना, त्या शुक्रवारी तुम्ही इथंच होता ना? या ताईंना सांगा."

नाना साठीच्या पुढचे असावेत. डोक्यावर टोपी, पायात गमबूट. "होतो ना. पहाटेच ट्रॉली लावलेली. अकरापर्यंत बसलो, मग ट्रॉली भरलेली तशीच घरी नेली." मी विचारलं, मग थांबलात का, चांगला भाव येईपर्यंत? ते माझ्याकडे बघत राहिले.

"लाल कांदा हो तो, ताई. उन्हाळ असता तर चाळीत टाकला असता, चार महिने बघितलं नसतं त्याच्याकडे. लाल किती धरणार? आठ-दहा दिवसांत वजन जातं, मोड येतो. लिलाव चालू झाला त्या दिवशी जो भाव निघाला त्याला देऊन मोकळा झालो."

माझ्या गणितात 'बंदी' नावाचा एकच डमी होता. बंदी असेल तर 1, नसेल तर 0. त्यात 14 सप्टेंबर 2020 ची बंदीही होती आणि डिसेंबर 2023 चीही. 2020 ची बंदी आली तेव्हा टिकणारा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये होता, ज्याला जमेल तो थांबू शकत होता. 2023 ची आली तेव्हा कांदा शेतातून निघत होता आणि थांबायला तयार नव्हता. थांबता येणारा माल आणि न येणारा माल यांना एकाच डमीत बसवून मी दोन्हींची सरासरी काढली होती. ती सरासरी कुठल्याच शेतकऱ्याच्या वाट्याला आलेली नव्हती. रब्बी-खरीप मला पाठ आहे, मी सांगली जिल्ह्यात वाढले. तरी रिग्रेशनचं गणित लिहिताना ते सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

गारांबद्दल मी विचारलंच. नानांनी ट्रॉलीतला एक कांदा उचलून तळहातावर फिरवला. "गार लागलेल्या कांद्याला डाग पडतो, आतून सडतो. तो माल लांबच्या गाडीत कुणी घालत नाही." म्हणजे गारांनी माल कमी केला होताच, पण उरलेल्या मालाची प्रतही बदलली होती. गिऱ्हाईक कमी भाव देत होता तो मालाच्या कमी-जास्तीमुळेच नव्हे, मालाकडे बघून. राईट यांची अटच मोडली. ज्यासाठी पुण्याहून आले होते ते साधन चारचौघांत, एका वाक्यात हातातून गेलं.

दुपारी नानांनी मला घरी नेलं. काकूंनी बाजरीची भाकरी वाढली, सोबत मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर नानांनी माळ्यावरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. सगळ्या हिशोबपट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर हातात आलेल्या पैशांच्या पावत्या, सालवार रबरबँड लावलेल्या. डिसेंबर 2023 चा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. काही पट्ट्यांना लिलावाची चिठ्ठी टाचलेली होती आणि दोन्हींवरचा भाव एक नव्हता.

"वांधा काढला," नाना म्हणाले.

लिलाव आवारात होतो, पण ट्रॉली रिकामी होते व्यापाऱ्याच्या खळ्यावर. भुईकाट्यावर वजन झालं, माल ओतला, आणि खाली ओला किंवा डागी कांदा निघाला असं व्यापारी म्हणाला की भाव तोडला जातो. कधी ते खरंच असतं. नाही पटलं तर वांधा समितीकडे जाता येतं, पण ओतलेला कांदा परत भरायचा कुणी आणि घेऊन जायचं कुठे? पोर्टलवर चढतो तो पुकाऱ्याचा भाव. नानांच्या खिशात आला तो पट्टीचा.

"रोज होतं का असं?"

"तेजीत कोण वांधा काढतं? दुपारपर्यंत बाजार पडला की निघतो."

मोजमापाची चूक सगळीकडे असते आणि ती दोन्ही बाजूंना सारखी असेल तर फार बिघडत नाही, असं आम्ही शिकवतो. ही चूक एकाच बाजूला होती आणि बाजार पडला की वाढत होती. सगळ्यांत वाईट दिवशीचा भाव पोर्टलवर त्यातल्या त्यात बरा दिसणार. मी पट्ट्यांचे फोटो काढले. एका घरच्या पट्ट्यांवरून जिल्ह्याचा आकडा छापता येत नाही, म्हणून तो अहवालात नाही. पण पट्ट्या गोळा करण्याचं काम आता वेगळं मांडलं आहे आणि माझ्या मते मूळ अभ्यासापेक्षा त्याची जास्त गरज आहे.

निघताना नानांनी विचारलं, "मग आमचं किती गेलं, निघेल का तुमच्या कॉम्प्युटरमधून?" निर्यातशुल्क त्या जानेवारीतही 20 टक्के चालू होतं. मी म्हटलं, जिल्ह्याचं अमुक ते अमुक इतकं, असं सांगता येईल, तुमचं एकट्याचं नाही. "ते आमचं आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले आणि पिशवीला गाठ मारली.

पुण्यात आल्यावर पहिल्यांदा ते वाक्य खोडलं. भरलेली घरं पुन्हा रिकामी केली. डमी दोन केले. मोठे फरक पडले आणि अहवाल तीन महिने लांबला. वरिष्ठांनी एवढंच विचारलं की रिकाम्या दिवसांचं करणार काय. मी फाईलमध्ये एक नवा रकाना उघडला: 'लिलाव बंद असल्यास कारण'. पोर्टल ते सांगत नाही. जुनी वर्तमानपत्रं, समितीच्या सूचना आणि लिपिकांची वही यांवरून तो हाताने भरते आहे. रविवार, अमावस्या, दिवाळी, हमाल-मापाऱ्यांचा संप, व्यापाऱ्यांचा बंद, शेतकऱ्यांनी बंद पाडला. ऑगस्ट 2023 मधल्या एका दिवसापुढे अजून काही लिहिलेलं नाही. त्यासाठी नानांना उद्या फोन करायचा आहे, सातच्या आत, ते मळ्यात जायच्या आधी.