चाळीस मीटर बँडची तार आणि शेजारचं झटका मशीन

आर्वीकडच्या शेतावरच्या माझ्या हॅम रेडिओ स्टेशनची एंड-फेड (टोकाशी केबल जोडलेली, म्हणजे फीड केलेली तारेची अँटेना) उतरवून तिथं मध्यातून फीड केलेली इन्व्हर्टेड व्ही (मधे उंच, दोन्ही बाजू उतरत्या) चढवली. विदर्भात शेतावर स्टेशन लावणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून कारणांसकट लिहितो.

एंड-फेड सोयीची होती हे खरंच. साधारण वीस मीटर तार, एक टोक कडुलिंबावर, दुसरं खोलीच्या भिंतीवर ४९:१ ट्रान्सफॉर्मरला. मधे खांब लागत नाही, शिवाय ४० मीटर तरंगलांबीच्या बँडसोबत २०, १५ आणि १० मीटरचे बँडही मिळतात. अडचण फीडची. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाशी इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) दोन-अडीच हजार ओहमपर्यंत असतो. करंट थोडाच, पण त्याला परतीची वाट हवीच. वेगळं काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची जादा तार) नसेल तर तो कोॲक्सच्या, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या केबलच्या, जाळीच्या बाहेरच्या अंगानं जातो. म्हणजे कोॲक्सही अँटेनाच होते, आणि खोलीजवळचा सगळा विजेचा कचरा (नको असलेला आवाज) आत ओढते.

आमच्याकडे हा कचरा म्हणजे रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन. सेकंदागणिक टक्, टक्. शेजारचे काका म्हणाले, "रेडिओ लावताना सांगजो, बंद करून देतो." पण रात्री उभं सोयाबीन उघडं टाकायला कसं सांगायचं? इलाज आपल्याच बाजूनं व्हायला हवा होता. म्हणून मध्यातून फीड: तिथं एका बाजूच्या करंटला परतीची वाट दुसरी बाजूच देते.

१४३ भागिले मेगाहर्ट्झ या हिशेबानं ४० मीटर बँडमधल्या ७.१ मेगाहर्ट्झसाठी तारेची एकूण लांबी २०.१ मीटर येते. मी घरगुती वायरिंगची पीव्हीसी तार वापरली. आवरणामुळे ती थोडी आखूड लागते, म्हणून दोन्ही बाजू लांब ठेवून सारख्या छाटत आणल्या. माथा नऊ मीटरवर, लोखंडी पाइपावर. टोकं डोक्यापेक्षा बरीच वर, कारण प्रसारण चालू असताना तिथंच व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि बांधावरून माणसं-बैलं जातात. बाजू खाली उतरत्या असल्या की इम्पिडन्स सरळ डायपोलच्या (मध्यातून फीड केलेल्या आडव्या तारेच्या) ७३ ओहमवरून रेडिओला लागणाऱ्या पन्नासच्या आसपास येतो, जुळवणीसाठी ट्यूनर लागत नाही. कडुलिंबाकडचं टोक कप्पीवरून वजन लटकवून सोडलंय. वादळात झाड हललं तरी तारेला हिसका बसत नाही.

सगळ्यात मोलाचं काम चोकचं, म्हणजे कोॲक्सच्या बाहेरून येणारा करंट अडवणाऱ्या वेटोळ्याचं. फीडपॉइंटलाच मिक्स ३१ प्रकारच्या फेराइटच्या टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-५८ कोॲक्सचे वेढे दिले, आणि कोॲक्स खोलीत शिरते तिथं तसाच दुसरा. टकटक अजून आहे, पण रेडिओच्या सिग्नल-मीटरवर एस-७ वरून एस-४ वर आली. तिच्याखाली दबलेली स्टेशनं आता ऐकू येतात.

इतक्या कमी उंचीवरून बहुतेक ऊर्जा वरच जाते आणि आयनोस्फिअरवरून परतून काही शे किलोमीटरच्या आतच उतरते. दिवसा नागपूर, पुणे, हैदराबादसाठी मला तेच हवं. दूरचे देश गाठायचे तर ही अँटेना नको.

विजा सुरू झाल्या की कोॲक्स खोलीबाहेरच काढून ठेवतो. मृग लागायच्या आत खोलीपाशी अर्थिंगचा रॉड आणि लाइटनिंग अरेस्टर बसवायचाय.