लाइव्ह बघायचं ते कशासाठी?

शेतातली कामं मी टास्क मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरवर लावते आणि दिवसभर तिथेच त्यांचा माग ठेवते, हे कळलं की लोक हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला जरा दबक्या आवाजात: ही माणसांवर पाळतच झाली ना? दुसरा मोकळेपणाने: संध्याकाळी मुकादमाला फोन केला की सगळं कळतंच, मग ॲप कशाला? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

संध्याकाळी कळतं हे खरं. पण तोवर वेळ निघून गेलेली असते. फवारणीचंच घ्या. अगदी पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा जमिनीलगत थंड हवेचा थर साचलेला असू शकतो. मग बारीक थेंब खाली न बसता तरंगत भलतीकडे जातात. ऊन वर आलं की वारा सुटतो, आणि ताशी 15 किलोमीटरच्या आसपास गेला की फवारणी थांबवणंच शहाणपणाचं. या दोन्हींच्या मधे जे काही तास मिळतात, तेवढेच आपले. त्यात नोझल तुंबलं आणि काम अर्ध्यावर राहिलं, तर ते मला तेव्हाच कळायला हवं. दुसरं नोझल पाठवता येतं, नाहीतर पुढचा प्लॉट उद्यावर टाकून माणसं दुसरीकडे वळवता येतात. संध्याकाळी तीच बातमी आली तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. वाफशाचं, म्हणजे जमिनीत काम करण्याजोग्या ओलीचंही तसंच. रान आज वाफशावर आहे, उद्या पाऊस आला की गेलं.

आता सॉफ्टवेअरमधलं ‘काम’ म्हणजे काय ते सांगते, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘फवारणी करणे’ असं लिहिलं तर ते काम नव्हे, ती नुसती इच्छा झाली. प्रत्येक कामाचं ॲपवर एक कार्ड असतं. माझ्या कार्डावर प्लॉट असतो, औषध असतं, एका टाकीला किती टाकायचं ते असतं, कोण करणार आणि आधी काय झालेलं असायला हवं ते असतं. कार्ड बंद करताना फवारणी संपल्याची वेळ आपोआप नोंदली जाते, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच नोंद. फवारलेल्या रानात माणसाने पुन्हा कधी पाऊल टाकायचं याची मुदत औषधाच्या लेबलवर दिलेली असते. अमेरिकेत ती औषधाच्या विषारीपणानुसार साधारण 12, 24 किंवा 48 तास असते, काही ठिकाणी त्याहून कमी-जास्तही. ही मुदत फवारणी संपल्यापासून मोजायची असते. वहीत नुसती तारीख लिहिली असेल, तर सकाळी सातला संपली की दुपारी दोनला, हे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवणार? आमच्याकडे त्या प्लॉटमधल्या खुरपणीचं कार्ड मुदत भरेपर्यंत उघडतच नाही. तोडणीचं कार्डही तसंच, शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात लेबलवर सांगितलेलं अंतर पडल्याशिवाय ते कोणाच्याच नावावर लागत नाही. खुरपायला वाकणाऱ्या बाईचे हात पानांमधून फिरत असतात. सॉफ्टवेअरने बाकी काहीच केलं नसतं आणि एवढं एक कुलूप लावलं असतं, तरी मी ते वापरलं असतं.

‘करायचं आहे, चालू आहे, झालं’ ही तीन रकान्यांची पद्धत ज्या कानबानवरून, म्हणजे कार्डांवरून काम पुढे सरकवण्याच्या जपानी पद्धतीवरून आली, ते दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाच्या कारखान्यात तैइची ओनो यांनी घडवलं. ट्रेलोसारख्या ॲपांमुळे ते रकाने सगळ्यांच्या ओळखीचे झाले. पण टोयोटाकडून घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला रकान्यांहून मोठी वाटते. तिथे काही बिघडलं की लाइनवरचा कामगार स्वतः दोरी ओढून इशारा देऊ शकायचा. वरून कोणी बघायला येण्याची वाट बघायची नाही. म्हणून आमच्या कार्डावर ‘झालं’च्या शेजारी तेवढंच मोठं ‘अडलंय’ बटण आहे. दाबलं की कारणं समोर येतात: पाणी नाही, औषध संपलं, यंत्र बंद, रान ओलं, वारा सुटला, माणसं कमी. यात बसत नसेल तर बोलून पाठवायचं. चिखलाच्या हातांनी कोणी टाइप करत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

ठिबकच्या कामात याचा उपयोग बघा. पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह उघडतो आणि फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही प्रेशर गेजचे फोटो कार्डावर टाकतो. दोन्हींत अर्ध्या बारच्या आसपास फरक दिसला की फिल्टर कचऱ्याने भरलाय हे समजायचं. तो ‘अडलंय’ दाबतो, फिल्टर धुतो, पुन्हा फोटो टाकतो. हे वेळेत कळलं नाही तर वरवर पाणी चालू दिसतं, पण लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या बारीक नळीच्या टोकाची झाडं अर्धवट भिजतात आणि त्याचा पत्ता पानं मलूल झाल्यावर लागतो.

‘लाइव्ह’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. रानात रेंज नसते. ॲप ऑफलाइन चालायला हवं आणि रेंज आली की नोंदी वर चढायला हव्यात, ही माझी पहिली अट. पडद्यावर दिसतं ते शेवटची नोंद पोचली त्या क्षणाचं चित्र असतं, म्हणून प्रत्येक कार्डावर ती वेळ ठळक दिसली पाहिजे. जीपीएसचंही तेच. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत चुकतं, झाडीत जास्त. त्यावरून माणूस कोणत्या प्लॉटमध्ये आहे ते कळेल, कोणत्या ओळीत आहे ते नाही. ट्रॅक्टरला सेंटीमीटरात नेम धरायला आरटीके, म्हणजे जीपीएसची चूक दुरुस्त करणारी जास्त अचूक यंत्रणा लागते. आम्ही प्लॉटच्या तोंडाशी क्यूआर कोडची पाटी लावली आहे. आत शिरताना स्कॅन, बाहेर पडताना स्कॅन.

आता पाळतीचा प्रश्न. दिवसभर माणसाची जागा टिपत राहण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. ती मी बंद ठेवते. जागा टिपली जाते ती फक्त काम सुरू करताना आणि संपवताना. कोण किती वेगाने काम करतं याची क्रमवारीही लावत नाही, आणि यावर मी ठाम आहे. एका ओळीत तण गुडघ्याएवढं असतं, दुसरीत विरळ. फळांची विरळणी, म्हणजे जास्तीची फळं काढून टाकणं, घाईने केली तर राहायला हवी ती फळं खाली पडतात. त्याहून वाईट म्हणजे, क्रमवारी लागली की माणसं ‘झालं’ लवकर दाबायला लागतात आणि ‘अडलंय’ कोणीच दाबत नाही. बोर्ड हिरवागार दिसतो आणि शेतात काय चाललंय ते मला काहीच कळत नाही. ज्या बातमीसाठी हा सगळा खटाटोप, तीच बंद पडते. उलट प्रत्येकाला आपल्या कामाचे तास आपल्या फोनवर दिसतात, त्यामुळे मजुरीच्या हिशोबाला माझ्याइतकाच पुरावा त्यांच्याही हातात असतो.

कोणतं सॉफ्टवेअर, हे विचारणारेही पुष्कळ. कामं थोडी असतील तर साधा टास्क बोर्ड पुरतो. शेतीसाठीच बनवलेलं हवं असेल तर फार्मओएस ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. लाइटफार्म मोफत आहे, ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तयार झालं आणि सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नोंदींसाठी सोयीचं आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत नोंदी 5 वर्षं जपाव्या लागतात, म्हणून निवडताना एक गोष्ट नक्की बघा: आपला सगळा डेटा फाइलमध्ये बाहेर काढता येतो का?

आणि सगळी शेती एकदम ॲपवर चढवू नका. फवारणी आणि पाणी, एवढ्या दोनच कामांनी सुरुवात करा, कारण उशिराचं नुकसान तिथेच सगळ्यात जास्त. ‘अडलंय’च्या खाली कोणती कारणं हवीत ते टाकी पाठीवर घेणाऱ्यांना आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्यांना विचारून ठरवा. पहिलं ‘अडलंय’ आलं की ताबडतोब फोन करा आणि काय पाठवू ते विचारा. उशीर का झाला, हे त्या फोनवर विचारू नका.