ध्येयवाक्य वाचायचं तर स्टोअररूममध्ये जा

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पालक मुलांना घेऊन फार्मसी कॉलेजं बघायला निघतात. दारातच पाटी: गुणवत्ता, सचोटी, समाजसेवा. शब्द सगळीकडे जवळपास तेच. फरक कळतो आतल्या बरण्यांवरून, आणि तोही जुलैच्या दमट हवेत.

हे शिक्षण आपल्याकडे फार जुनं नाही. 1932 मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात त्याचा पाया घातला. फार्मसी कायदा 1948 चा. त्याआधी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चर ढवळून बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी डकवायचा. अनेकांचा हात पक्का होता, पण तो कुठे शिकला आणि किती शिकला, हे विचारणारं कुणी नव्हतं. कायद्याने नोंदणी आणि ठरावीक अभ्यासक्रम आणला.

आता बरण्या. जलसंजीवनीच्या पुडीचं प्रात्यक्षिक घ्या. एक लिटर पाण्यासाठी मीठ 2.6 ग्रॅम, निर्जल ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट 2.9, एकूण 20.5 ग्रॅम. कागदावर सोपं. पण बरणीतलं ग्लुकोज निर्जल आहे की मोनोहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी धरून असलेलं? मोनोहायड्रेट असेल तर 14.85 ग्रॅम घ्यावं लागतं; 13.5 च घेतलं तर प्रत्यक्षात सुमारे 12.3 ग्रॅमच ग्लुकोज पडतं. लेबल न वाचता वजन करणारा विद्यार्थी इथेच चुकतो, आणि पुडी दिसायला अगदी ठीक असते.

त्यात कोकणची हवा. झाकण उघडं राहिलं की पावडर ओल धरते, गोळे होतात, तराजूवर औषधाबरोबर पाणीही मोजलं जातं. म्हणून एका वेळी एकच बरणी उघडायची, ग्लुकोज शेवटी तोलायचं, चाळून लगेच पुडी सील करायची. या पुडीत पूर्वी सायट्रेटच्या जागी खाण्याचा सोडा असे. दमट हवेत सोड्यामुळे ग्लुकोज तपकिरी पडायचं, म्हणून 1980 च्या दशकात सायट्रेट आलं. शिकवणाऱ्याने हे सांगितलं नाही, तर मुलाला चार आकडे पाठ होतात, एवढंच.

अॅस्पिरिनची बरणी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आला तर ओलीने ते मोडून सॅलिसिलिक आणि अॅसिटिक आम्ल झालंय. थोडी पावडर घेऊन फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. गडद जांभळा रंग आला तर मोकळं सॅलिसिलिक आम्ल आहे. अशी बरणी टाकून न देता ‘खराब झालेला नमुना’ म्हणून वेगळी ठेवणारं कॉलेज आम्हाला आवडतं. सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्यात का, तेही बघा. गुलाबी पुडी आणखी ओल शोषत नाही, नुसती जागा अडवते.

फ्रिजही उघडायला सांगा. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत लागतं. ते दारात ठेवू नये, कारण तिथे तापमान सतत हलतं, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा स्वच्छ दिसलं तरी फेकायचंच. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेली वही असेल तर वीज गेलेल्या दिवसांच्या नोंदी शोधा. पावसाळ्यात इथे वीज जाणारच; महिनाभर रोज सरळ ‘4 अंश’ लिहिलेलं असेल तर सचोटीच्या पाटीवर आमचा विश्वास बसत नाही.

बागेतल्या औषधी झाडांबद्दल फार बोलणार नाही. नरक्याच्या खोडात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून कर्करोगाची औषधं बनतात आणि त्यासाठीच सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली, एवढं गाईडला सांगता आलं तरी पुरे.

शेवटी डी. फार्म.ची, म्हणजे फार्मसी पदविकेची ट्रेनिंग: किमान 3 महिने, 500 तास, त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवर औषधं देण्याचे. हे तास कुठल्या दवाखान्यात किंवा दुकानात होतात आणि तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट दिवसभर असतो का, एवढं ऑफिसात विचारा. ‘ते आम्ही बघून घेऊ’ हे उत्तर नव्हे.