ओल्या गोधडीचा दोरा

मे महिन्याच्या दोन तारखेला सकाळी साडेसहाला वेळणेश्वरहून फोन आला. फेब्रुवारीत आमच्याकडून आठ गोधड्या नेलेल्या होमस्टेच्या वहिनी बोलत होत्या. "ताई, तीन गोधड्या धुवायला काढल्या आणि वरची शिलाई सगळी सुटली. आठ तारखेला माझ्याकडे पाहुणे येणार आहेत," एवढेच त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण काळजी होती, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

गुहागरात आमचे गोधड्यांचे छोटे काम चालते. तीन मशिनी आहेत, चौघी बायका आहेत आणि कापणीच्या टेबलापाशी मी असते. जुन्या लुगड्यांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी आमच्याकडची एक काकू अजून शिवतात. पण होमस्टेवाल्यांना हवी असते ती रंगीत तुकड्यांची, मशीनवर शिवलेली आणि दर पाहुण्यामागे धुता येईल अशी. या आठ गोधड्या तशाच होत्या. प्रत्येकीचे माप ६० बाय ९० इंच. वर नव्या पॉपलिनचे सहा इंची चौकोन, आत जुन्या सुती साड्यांचे तीन थर आणि खाली साधे अस्तर. चौकोन जोडून झाले की सगळे थर एकत्र टाचून वरून दीड इंचाच्या अंतराने ३९ उभ्या टिपा मारल्या होत्या.

तुकडे जोडायला मी नेहमी ५० नंबरचा तीन पदरी सुती दोरा वापरते, आणि त्याबाबतीत कोणाचे ऐकत नाही. जोडणीचा दोरा बारीक आणि गुळगुळीत असावा लागतो, कारण शिवण उलगडून इस्त्री फिरवली की दोऱ्याची जाडी त्या घडीत जाते. ९० इंचांच्या लांबीत १५ चौकोन म्हणजे १४ सांधे येतात. जाड दोऱ्याने प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर खाल्ला तरी एका रांगेत सात मिलिमीटर कमी पडतात, आणि शेजारची रांग दुसऱ्या दोऱ्याने शिवलेली असेल तर कोपऱ्याला कोपरा काही केल्या जुळत नाही. शिवाय जोडणीवर इस्त्री कडक फिरते, आणि सुती दोऱ्याला तिचे भय नसते. ही अक्कल मला दोन चादरी वाया घालवून आलेली होती. वरच्या टिपांसाठी मात्र वहिनींना चमक हवी होती. म्हणून चिपळूणच्या बाजारातून एका दुकानदाराकडून मी 'रेशीम' म्हणून विकला जाणारा भरतकामाचा दोरा आणला. दोऱ्याच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, ४० आकडा छापलेला होता. टिपांसाठी आमच्याकडे ४० नंबरचा सुती दोरा चालतो, त्यामुळे जाडी बरोबर आहे एवढे पाहून मी समाधान मानले.

नऊच्या सुमाराला मी वेळणेश्वरला पोहोचले. मागच्या अंगणात तिन्ही गोधड्या कातळावर पसरलेल्या होत्या आणि कडकडीत वाळल्याही होत्या. तुकड्यांची जोडणी जशीच्या तशी होती, एकही सांधा उसवलेला नव्हता. तुटल्या होत्या त्या फक्त वरच्या टिपा. निळ्या चौकोनांवर पिवळ्या दोऱ्याचे बोटभर लांबीचे तुकडे केसासारखे उभे राहिले होते. गोधडी उलटी केली तर अस्तरावर खालचा सुती दोरा रांगोळीच्या रेघेसारखा सरळ पडलेला होता. टोक धरून ओढला की हातभर अखंड हातात येत होता. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. वरचा गेला की खालच्याला धरायला काही उरत नाही. आतल्या साड्यांचे थर एका कडेला गोळा होऊन गोधडीला पोट आले होते.

पहिला संशय मी स्वतःच्या मशीनवर घेतला. सुईच्या नेढ्याला बारीक खरवड असली की दोरा घासून अर्धा होतो आणि पुढे कधीतरी तुटतो. पण मग तीनही मशिनींवरच्या टिपा सारख्याच कशा तुटतील? वरचा ताण जास्त ठेवला असता तर दोरा शिवतानाच तुटला असता, आणि खालचा दोरा ओढला जाऊन वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसला असता. तसे काही दिसत नव्हते. ब्लीच घातले का म्हणून विचारले, तर साध्या साबणाच्या वडीपलीकडे काही वापरलेले नव्हते. मग मी एक लोंबता तुकडा दोन्ही हातांत धरून ओढला. बोटाला वळ उठला, पण तुटायला त्याने बराच वेळ घेतला. म्हणजे दोरा कुजका नव्हता. या क्षणी मला खरोखर काही सुचेना.

काडेपेटी मागवली. दोरा कशाचा आहे हे ओळखायचे आमचे साधन तेच. पॉलिएस्टर असेल तर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी मऊ करडी राख उरते. माझ्या दोऱ्याला कागदाचाच वास आला आणि राखही मऊ पडली. "सुतीच आहे," मी वहिनींना ठामपणे सांगितले. आज ते वाक्य आठवले की कान गरम होतात.

ज्यांनी गोधड्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, नेऊन धुतल्या होत्या त्या मावशी तोपर्यंत गोठ्याशी उभ्या राहून सगळे ऐकत होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाय, सुकल्यावर नाय तुटला. दोघींनी धरून पाण्यातनं उचलली तवाच पटापटा आवाज झाला. ह्या दोऱ्यात पाण्यात जीवच नाय."

मी तिथल्याच कळशीतले पाणी बोटावर घेतले, दोऱ्याच्या मधला इंचभर भाग भिजवला आणि पुन्हा ओढला. जरा ओढताच तो बरोबर भिजवलेल्या जागी तुटला. पुन्हा केले, पुन्हा तिथेच. अस्तराखालचा सुती दोरा तसाच मधोमध भिजवून ओढला, तर तो ओल्या जागी तुटायला तयार नव्हता. तुटला तेव्हा कोरड्या भागात, माझ्या बोटाजवळ तुटला.

तो दोरा रेयॉनचा होता. व्हिस्कोस म्हणतात तोच. ही लाकडाच्या लगद्यापासून केलेली वस्तू, म्हणजे मुळात कापसासारखेच सेल्युलोज, झाडाच्या तंतूंचा मूळ पदार्थ; म्हणूनच जळताना तिला कागदाचा वास येतो आणि राखही तशीच पडते. काडेपेटीची परीक्षा दोरा प्लास्टिकचा की झाडाचा एवढेच सांगते. झाडाचा कोणता, हे तिला सांगता येत नाही. व्हिस्कोसची पद्धत इंग्लंडात १८९२ साली निघाली ती रेशमाला स्वस्त पर्याय म्हणून, आणि बाजारात तिला रेशीम म्हणण्याची सवय बहुधा तेव्हापासूनची असावी. चमक रेशमासारखीच असते, हे खरे. पण कापसाच्या तंतूतल्या सेल्युलोजच्या साखळ्या लांब आणि नीट रचलेल्या असतात, तर रेयॉनमध्ये त्या आखूड आणि सैल. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की रेयॉनचे बळ जवळपास निम्म्यावर येते. कापसाचे उलटे आहे, तो भिजल्यावर अधिक बळकट होतो. दगडावर आपटून धुतलेली सुती धोतरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यामागे हेही कारण आहे.

वजनाचाही विचार मी केला नव्हता. वहिनींच्या मासे तोलायच्या काट्यावर कोरडी गोधडी अडीच किलोच्या आत भरली. भिजवून, निथळू न देता टांगली तर काटा साडेसातच्या पुढे गेला. दोघींनी चार कोपरे धरून ती उचलली की मधला सगळा भार टिपांवर येतो, आणि त्याच घटकेला दोरा निम्मा झालेला असतो. कोनावरचा ४० आकडा खोटा नव्हता. तो बारकाई सांगतो, आकडा वाढेल तसा दोरा बारीक. दोरा कशाचा आहे आणि पाण्यात काय करेल, हे त्या आकड्यात नसते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता; त्याने भरतकामाचा दोरा म्हणूनच दिला होता, गोधडीवर तो मी घातला होता.

आठही गोधड्या टेम्पोत घालून परत आणल्या. न धुतलेल्या पाचांच्या टिपा उसवायच्या म्हणजे तीन दिवसांचे काम होते. तेवढ्यात आमच्या काकूंनी युक्ती काढली: गोधडी भिजवायची, दोघींनी दोन बाजूंनी ताणायची आणि टिपा आपोआप तुटू द्यायच्या. दुपारपर्यंत पाचही मोकळ्या झाल्या आणि संध्याकाळी सड्यावर वाळल्या. ज्या खोडीने घात केला तीच कामाला लावताना आम्हा सगळ्यांना हसू आवरेना.

नव्या टिपांसाठी दोरा निवडताना घरात वाद झाला. काकूंचे म्हणणे, पॉलिएस्टरचा दोरा कापड कापतो, तेव्हा सुतीच घाला. जुन्या लुगड्याच्या गोधडीपुरते ते मला मान्य आहे; तिथे कापडच झिजलेले असते, ओढ बसली तर आधी दोरा जावा, कापड नव्हे, कारण टीप पुन्हा मारता येते आणि फाटलेले लुगडे पुन्हा विणता येत नाही. पण इथे वर नवे घट्ट पॉपलिन होते, दर आठवड्याची धुलाई होती आणि पावसात चार-चार दिवस न वाळणारी आमची हवा होती. ओल्या सुताला बुरशी धरते, पॉलिएस्टरला सहसा नाही, आणि ते पाणी जवळजवळ पीतच नाही. शेवटी ४० नंबरचाच, पण त्रिकोणी छेदाच्या तंतूंचा पॉलिएस्टर दोरा आणला. त्या तंतूंच्या सपाट बाजूंवर उजेड पडतो, त्यामुळे चमक रेयॉनच्या जवळ जाते. या वेळी पैसे देण्याआधी दुकानातच पाण्याचा पेला मागितला, हातभर दोरा भिजवून ओढून पाहिला आणि मग काडी लावली. कडक मणी आला. दुकानदार पाहत राहिला.

खाली ५० नंबरचा सुती दोराच ठेवला, सुई १४ नंबरची नवी घातली आणि वरचा ताण थोडा सैल केला, कारण हा दोरा निसरडा असतो. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम आचेवर. सात तारखेला रात्री दहा वाजता आठवी गोधडी संपली. देण्याआधी एक भिजवली, मी आणि काकूंनी चार कोपरे धरून तीन वेळा झटकली आणि पटापटा आवाज येतो का ते ऐकत राहिलो. काही आला नाही.

रेयॉनचे साडेतीन कोन शिल्लक होते. ते फेकले नाहीत. गणपतीत शेजारच्या दोन घरांच्या मखराचे पडदे आमच्याकडे शिवायला आले, त्यांवर कमळे भरण्यात ते संपले. त्या पडद्यांना पाणी कधी लागत नाही.