घरच्या पीसीसाठी अँटिव्हायरस निवडताना काय काय तपासलं

पीसी आईवडिलांचा. विंडोज ११, ८ जीबी रॅम, पण डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची, म्हणून संथ. वापरणार तेच, म्हणून अट एकच ठेवली: स्क्रीनवर आलेला संदेश वाचून त्यांनी मला फोन न करता योग्य बटण दाबावं.

आधी 'विंडोज सिक्युरिटी'मधल्या 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये सध्या पहारा कोणाचा आहे ते पाहिलं. मशीनसोबत आलेलं एक ट्रायल निघालं. दुसरं अँटिव्हायरस बसलं की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर बाजूला होतं, म्हणून मुदत संपलेलं ट्रायल ठेवण्यात अर्थ नाही. अनइन्स्टॉल केलं, रीस्टार्ट केला, मग त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवलं. हे शेवटचं बरेच जण टाळतात. मागे राहिलेले ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणारे त्याचे तुकडे, नव्या अँटिव्हायरसच्या पायात येतात, एकच फाइल दोघं तपासायला जातात आणि मशीन रांगतं.

तुलनेसाठी जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेचे निकाल पाहिले. संरक्षण, वेग आणि युजेबिलिटी यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण असतात. यातली युजेबिलिटी म्हणजे वापरायला सोपं असं नव्हे हं. चांगल्या फाइलला व्हायरस ठरवण्याची चूक किती कमी होते, ते तिथे मोजतात. सोपेपणा आपणच तपासायचा.

तो तपासायला आयकार फाइल उत्तम. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ, पण जवळपास सगळी अँटिव्हायरस ती व्हायरस म्हणून पकडतात. नोटपॅडमध्ये सेव्ह केली आणि संदेश पाहिला. कुठली फाइल, तिचं काय केलं, आता मी काही करायचं का, एवढं कळलं तर पास. मोफत आवृत्त्यांपैकी काही इथेच बाद झाल्या: धोक्याच्या सूचनेला आणि व्हीपीएनच्या जाहिरातीला एकच लाल रंग!

शेवटी डिफेंडरच ठेवलं. 'टॅम्पर प्रोटेक्शन' (डिफेंडरच्या सेटिंग्ज दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला बदलू न देणारं) चालू आहे ना ते पाहिलं, 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय चालू केला. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' मुळात बंद असतं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस, यांच्यासाठी तेही लावलं. यात एक अडचण येते. अनोळखी सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, त्यामुळे जुन्या हिशेबाच्या किंवा टायपिंगच्या प्रोग्रॅममधून फाइल सेव्ह होत नाही. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त अडवलेलं नाव दिसतं, त्याला परवानगी द्यायची. संपूर्ण स्कॅन जुन्या डिस्कवर तासन् तास चालतो. तो रात्री लावला, रोजच्यासाठी क्विक स्कॅन पुरतो.

पैसे भरायचेच असतील तर त्याच लायसन्सवर फोन किती चालतात आणि अडल्यावर मराठीत सांगणारं कोणी आहे का, ते विचारा. पुण्याच्या क्विक हीलचा डबा गल्लीतल्या दुकानातही मिळतो, आणि घरच्या माणसांना दुकानदाराला विचारणं सोपं जातं. दुसऱ्या वर्षाचा दर मात्र पहिल्या दिवशीच पाहा. कार्डावर ऑटो-रिन्यूअल असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तो वाचायचा.

आणि कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' असं सतत येत असेल, तर आधी क्रोमच्या साइट सेटिंग्जमधली नोटिफिकेशन्स उघडा. बहुतेक वेळा कुठल्याशा साइटला चुकून 'अलाऊ' केलेलं असतं. तिथून ती काढली की थांबतं. अँटिव्हायरस बदलून नाही.