सर्व्हरवर नक्की काय काय बसलंय ते शोधताना : माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून सर्व्हरपर्यंत सगळंच. आमचं कास्टिंग ज्या कंपनीला जातं त्यांनी सगळ्या सप्लायरना एक एक्सेल पाठवली, तुमच्या सर्व्हरवर कुठलं सॉफ्टवेअर आहे, व्हर्जन काय, आणि त्यात माहीत असलेल्या व्हल्नरेबिलिटी (सुरक्षेतल्या त्रुटी) किती ते भरून द्या. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत भरून टाक की, त्यात काय." आता उबुंटू लिनक्सवर डीपीकेजीला (पॅकेजची नोंद ठेवणाऱ्या कमांडला) विचारलं की यादी दोन सेकंदात येते हे खरंय, पण ती फक्त एपीटीनं (उबुंटूच्या इन्स्टॉलरनं) बसवलेल्या पॅकेजची. ईआरपीवाल्यांनी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी) ऑप्ट डिरेक्टरीमध्ये आणून टाकलेल्या फोल्डरचा डीपीकेजीला पत्ताच नसतो.

म्हणून पूर्ण फाईल सिस्टीम स्कॅन करायचं ठरवलं. ट्रिव्ही हे स्कॅनिंगचं टूल आधी बघितलं होतं, पण आमच्या सर्व्हरला इंटरनेट नाही आणि व्हल्नरेबिलिटीचा डेटाबेस सारखा अपडेट होत असतो, तो रोज पेन ड्राइव्हवरून कोण नेणार? मग सिफ्ट आणि ग्राइपची जोडी घेतली. सिफ्ट सर्व्हरवर चालवायचं, ते फक्त काय काय आहे त्याची यादी म्हणजे एसबॉम बनवतं, सायक्लोनडीएक्स फॉरमॅटमध्ये एक जेसन फाईल. ती इंटरनेट असलेल्या आपल्या लॅपटॉपवर आणायची आणि इथं ग्राइपला खायला घालायची, ते यादीतल्या व्हल्नरेबिलिटी शोधतं. सर्व्हरवर काही इन्स्टॉल करायला लागत नाही, एकच बायनरी आहे, काम झालं की डिलीट.

पहिल्यांदा चालवलं तर संपेचना, कारण ड्रॉइंगचा एनएएस (नेटवर्कवरचा स्टोरेज) त्याच सर्व्हरवर माउंट केलेला आणि हा गडी पॅटर्नच्या जुन्या कॅड फाइल्सपण चाळत बसलेला. ते माउंट आणि लिनक्सचे प्रॉक, सिस हे आभासी फोल्डर सगळे वगळले, रात्रपाळीत डिस्पॅचची एंट्री थांबल्यावर नाइस (कामाची प्रायॉरिटी कमी करणारी कमांड) लावून परत चालवलं, मग झालं.

रिपोर्ट उघडला तर स्क्रीनभर क्रिटिकल आणि हाय. खरं काम इथनं पुढं. यातलं बरंचसं कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) होतं, आणि त्यातलंही निम्म्याहून जास्त अशा जुन्या कर्नलचं जे डिस्कवर नुसते पडून होते, चालू एकच. एपीटीचं ऑटोरिमूव्ह मारलं, यादी बरीच आटली. लिनक्स हेडर्सच्या पॅकेजवरपण कर्नलचे सीव्हीई (व्हल्नरेबिलिटीचे जाहीर नंबर) दाखवतं, ते नुसतं कंपाइल करताना लागणारं हेडर आहे, त्यात चालण्यासारखं काही नाही.

ओपनएसएसएचवरनं (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरवरनं) मात्र फोनवर बरंच झालं. कस्टमरच्या ऑडिटरनं लॉगिन न करता नुसता कनेक्ट होताना दिसणारा व्हर्जनचा बॅनर बघितला, ८.९पी१, आणि लिहिलं की २०२४ च्या रिग्रेएसएसएचला, म्हणजे सीव्हीई-२०२४-६३८७ ला, तुम्ही उघडे आहात, ९.८ वर जा. म्हटलं, सर, उबुंटू २२.०४ वाले व्हर्जन तेच ठेवतात आणि नव्या व्हर्जनमधला फिक्स त्याच जुन्या पॅकेजमध्ये घालतात, आकडा बदलतो तो शेवटचा रिव्हिजनचा. त्यांना पटेना. मग पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) काढून त्यातली सीव्हीई नंबरची ओळ पाठवली, तेव्हा म्हणाले ठीक आहे. ग्राइप उबुंटूचा स्वतःचा सिक्युरिटी डेटा बघतं म्हणून त्यानं हे दाखवलंच नव्हतं, नुसता व्हर्जन नंबर बघणाऱ्या टूलवर विसंबायचं नाही ते यासाठी.

आता ईआरपी. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, तेव्हा मालकांनी धसका घेऊन सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवायला लावला आणि त्या गडबडीत जुन्या मशिनवरचं टॉमकॅटचं (ईआरपी ज्याच्यावर चालतं त्या जावा सर्व्हरचं) फोल्डर आहे तसं उचलून नव्यावर टाकलं गेलं. मेन ईआरपीत लॉगफोरजे (लॉग लिहिणारी जावाची लायब्ररी) २.१७.१ होतं, ते चांगलं. पण रिपोर्ट छापणाऱ्या मॉड्यूलच्या वॉर फाईलच्या (जावा अ‍ॅपच्या गाठोड्याच्या) आत वेब-इन्फ, त्याच्या आत लिब, तिथं २.११.१ बसलेलं. म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये जगभर बोंब झाली ते लॉगफोरशेल, सीव्हीएसएस म्हणजे गंभीरतेचा स्कोअर १० पैकी १०, आमच्याकडं आरामात चालू! वॉर काय आणि तिच्या आतली लायब्ररीची जार काय, दोन्ही म्हणजे झिपच, सिफ्ट त्या उघडून आतली पॉम प्रॉपर्टीज (नाव आणि व्हर्जन लिहिलेली फाईल) वाचतं, म्हणून सापडलं. फाईलच्या नावात लॉगफोरजे शोधून हे कधीच मिळालं नसतं, कारण डिस्कवर दिसते ती फक्त वॉर.

ईआरपीवाल्याला फोन केला. "नवी बिल्ड देतो सर, थोडा वेळ लागंल." तोवर जारमधनं जेएनडीआय लुकअपचा क्लास (ज्याच्यातनं हा हल्ला होतो तो भाग) काढून टाकला, टॉमकॅट रिस्टार्ट केला, हा उपाय अपाचेनंच सांगितलेला आहे. रिस्टार्ट महत्त्वाचा बरं का, स्कॅनर डिस्क बघतो, मेमरी नाही. अपडेट मारलं आणि सर्व्हिस तशीच चालू ठेवली तर रिपोर्ट हिरवा आणि आत जुनीच लायब्ररी पळतेय. नीडरिस्टार्ट (जुन्या लायब्ररीवर चाललेल्या सर्व्हिस दाखवणारं टूल) चालवून बघा, डोळे उघडतात.

शेवटी उरला स्पेक्ट्रोमीटरचा (धातूत काय काय किती आहे ते तपासणाऱ्या मशिनचा) पीसी. विंडोज ७, जानेवारी २०२० पासून सपोर्ट बंद, आणि मशिनवाला म्हणतो ओएस बदलली तर जुनं सॉफ्टवेअर चालायचं नाही, नवं घ्या. त्याची किंमत ऐकून मालक गप्प. त्याची नेटवर्क केबल काढली, हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा) रिझल्ट आता लॅबमधनं कागदावर येतो, आणि एक्सेलमध्ये त्या रांगेत लिहिलं : अपडेट शक्य नाही, नेटवर्कपासून वेगळा ठेवला. कस्टमरनं ते मान्य केलंय, फक्त दर तिमाहीला नवा एसबॉम पाठवा म्हणालेत.